गिटारनं गंधार सोडावा

माझ्याकडे संध्याकाळी गिटार शिकायला पोरं येतात. ‘थंडीचं एखादं गाणं बसवा’ म्हटलं की त्यांची बोटं आपोआप ए मायनरवर जातात. मग डी मायनर, मग ई, आणि सगळं सावकाश, जड, बाहेर बर्फ पडत असल्यासारखं. पोरांचा दोष नाही. मोबाइलवर ती जी गाणी ऐकतात, त्यांत थंडी म्हणजे एकटेपणा हे ठरूनच गेलेलं असतं.

आमच्या धाराशिवची थंडी तसली नाही. बालाघाटच्या पठारावर मार्गशीर्ष-पौषाइतकं भरलेलं शिवार वर्षभरात पुन्हा दिसत नाही. ज्वारी पोटरीत आलेली, हरभऱ्याला घाटे, तुरीला टपोऱ्या शेंगा, बांधावर बोरं. इथली रब्बी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या गारव्यावर वाढते. थंडी पडली नाही तर इकडचा शेतकरी चिंतेत पडतो. अशा मुलखातल्या हिवाळी गाण्याला रडका सूर लावला तर ते गाणं इथलं राहतच नाही.

मुळात ऋतू सुरात नसतोच. ‘गुड किंग वेन्सेस्लास’ हे नाताळातलं इंग्रजी गाणं जगभर हिवाळ्याचं म्हणून गातात. त्यात बर्फातून सरपण वेचणाऱ्या गरिबाची आणि त्याच्या मदतीला निघालेल्या राजाची गोष्ट आहे. शब्द जॉन मेसन नील यांचे, १८५३ सालचे. चाल मात्र १५८२ मध्ये छापलेल्या एका लॅटिन गीतसंग्रहातली, आणि तिथं ती वसंत ऋतूच्या गाण्याची आहे. फुलं उमलण्याची चाल नीलनी उचलली आणि तिच्यावर बर्फ घातला. कुणाला काही खटकलं नाही. गाण्याला थंडी देतात ते शब्द, आणि ते गाणं कुणी, कधी, कशासाठी म्हणतं ते.

आमच्याकडे ते निमित्त म्हणजे वेळ अमावस्या. बोलताना आम्ही येळवस म्हणतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे. नैवेद्याला भज्जी, म्हणजे रानात जे जे पिकलंय त्या सगळ्याची एकत्र भाजी: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे दाणे, गाजर, कांद्याची पात, मेथी, चिंचेचा कोळ आणि बेसन. जोडीला उंडे, बाजरीची भाकरी, खीर, तिळाची पोळी आणि मडक्यातली गार आंबील. पूजा झाली की एक जण पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी मारतो आणि मागून बाकीचे आरोळी देतात. त्या आरोळीत मराठीच्या बरोबरीनं कन्नड शब्द असतात. दिवेलागणीला पेटता हेंडगा, म्हणजे मशाल, घेऊन पोरं पिकाभोवती धावतात.

पण गाणं ऐकायचं तर आदल्या रात्री चुलीपाशी बसावं लागतं. एवढा स्वयंपाक म्हणजे बायकांची रात्रभराची जागल असते. आमची आत्या तुळजापूर तालुक्यातली, सत्तरी ओलांडलेली. भज्जीचं पातेलं चढलं की तिच्या ओव्या सुरू होतात. पांडव आपल्या रानात मुक्कामाला आलेत, कुंतीमाय बांधावर बसलीय, लक्ष्मी ज्वारीतून वाट काढत येतेय, भावाच्या खळ्यावर रास पडलीय. कुठंही बिचारेपणा नाही. चाल जेमतेम चार-पाच सुरांची. ओळ वर जाते, पंचमाला शिवते न शिवते तोच उतरून षड्जावर येऊन बसते. अक्षरांचा हिशेब नाही. शब्द जास्त झाले तर ती ते कोंबते, कमी पडले तर एकच अक्षर लांबवते. पूर्वी ही लांबी-रुंदी जात्याच्या फेऱ्यात बसायची. आता पीठ गिरणीतून येतं, पण तिच्या दमात तो फेरा अजून आहे.

गिटार काढून मी तिच्यामागं वाजवायला लागलो तेव्हा तिनं एकच अट घातली. ‘‘वाजीव की बाबा, पर मधी मधी येऊ नगंस.’’ ही अट साधी वाटते. गिटारवाल्याला ती पाळायला मात्र हाताची बरीच सवय मोडावी लागते. का ते सांगतो.

कॉर्ड म्हणजे साधारणपणे तीन सूर एकदम वाजवणं. डी हा षड्ज धरला तर डी मेजरमध्ये सा, शुद्ध गंधार आणि पंचम येतात. डी मायनरमध्ये सा आणि पंचम तेच, फक्त गंधार कोमल. म्हणजे ज्याला आपण ‘आनंदी’ आणि ‘उदास’ कॉर्ड म्हणतो त्यांच्यात फरक आहे तो एका गंधाराचा. आता आत्याचा गंधार कान देऊन ऐका. चढताना तो शुद्धाकडे झुकतो, उतरताना कोमलाकडे, आणि बहुतेक वेळा दोघांच्या मधे कुठंतरी असतो. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ठोकलेल्या असतात. मधलं तिथं काही नसतं. मेजर वाजवा की मायनर, गिटारचा ठाम गंधार तिच्या हलत्या गंधाराला जाऊन आपटतो. तिला हेच ‘मधी येणं’ वाटतं. शिवाय ओवी सुखाची की दुःखाची हे तिनं ठरवायच्या आधी कॉर्ड ठरवून मोकळी होते.

म्हणून साथीतून गंधार काढून टाकायचा. उरतात सा आणि प. तंबोऱ्यालाही एवढंच पुरतं.

त्यासाठी तारा वेगळ्या लावाव्या लागतात. नेहमीचं ट्यूनिंग सहाव्या तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असं असतं. त्यातली सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण सूर खाली उतरवली की डी, ए, डी, जी, ए, डी मिळतं, म्हणजेच सा, प, सा, म, प, सा. हे ट्यूनिंग रूढ केलं डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकानं, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. मोरोक्कोत उद हे तंतुवाद्य वाजवणाऱ्यांचं संगीत त्याच्या कानावर पडलं, आणि तिथल्या सुरावटींना आपली गिटार जुळावी म्हणून त्यानं ही सोय केली. पुढं आयरिश लोकगीतं वाजवणाऱ्यांनी ते आपलंसं केलं. जिथं जिथं एक सूर धरून त्यावर गायचं असतं तिथं ते बसतं. आमच्या ओवीलाही बसतं. मधली जीची तार मध्यमाची. ती आपल्याला नको, म्हणून तिला दुसऱ्या फ्रेटवर दाबून ठेवायची. मग तीही पंचमात बोलते.

गिटार मोकळी वाजवली तर षड्ज येतो पांढरी दोनला. आत्या गाते पांढरी पाचात, म्हणून कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पाचव्या फ्रेटवर लावायचा आणि तिथून पुढं सगळं मोजायचं. दुसऱ्या कुणाची पट्टी काळी तीन असेल तर कॅपो चौथ्यावर. गाणाऱ्या बाईला आपल्या पट्टीत ओढायचं नाही. या बायका उघड्या गळ्यानं, चुलीच्या धुरात आणि पातेल्यांच्या खणखणाटात गातात. त्यांच्या पट्टीला कारण असतं.

उजव्या हाताचं काम अंगठ्याचं. सहावी तार, चौथी तार, पुन्हा सहावी, नखानं नव्हे तर मांसल बाजूनं. ओळ संपली म्हणून थांबायचं नाही आणि शब्द जास्त आले म्हणून घाईही करायची नाही. तुळजापूरला गोंधळ पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. संबळ कितीही उसळला तरी तुणतुण्याची एकटी तार आपली जागा सोडत नाही. गोंधळात मुख्य गायकानं ओळ टाकली की झीलकरी तिचं शेपूट उचलतो. गिटारची दोन बोटं इथं झीलकऱ्याच्या नोकरीवर आहेत असं समजायचं. आत्यानं श्वास घेतला की तेवढ्या फटीत पहिल्या तारेवर तिच्या ओळीचा शेवट वाजवायचा, आणि ती पुढची ओळ उचलायच्या आत गप्प व्हायचं.

हे शेपूट वाजवताना गंधार लागतोच. तिथं युक्ती अशी: पहिल्या तारेवर कॅपोपासून तिसऱ्या फ्रेटवर कोमल गंधार आहे, चौथ्यावर शुद्ध. बोट तिसऱ्यावर ठेवायचं, तार छेडायची आणि किंचित वर ओढायची. पूर्ण चौथ्यापर्यंत नाही, निम्म्यात सोडायची. तार ईवरून डीला उतरवलेली असल्यानं थोडी सैल पडते आणि ओढायला हलकी जाते. हे पोलादी तारांच्या गिटारवरच नीट जमतं. नायलॉनची तार ओढली तरी सूर फारसा हलत नाही. गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांनी हा प्रश्न मुळापासूनच सोडवला होता. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारेवर धातूचा गोल दांडा फिरवला, मग फ्रेट असून नसल्यासारख्याच. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार कशी गाते ते ऐकावं. आपण गिटार उभी धरणारी माणसं, आपल्याला डाव्या हाताच्या बोटांवरच भागवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी गिटार रानात न्यायची असेल तर थंडीशी खरी गाठ पडते. पहाटेच्या गारठ्यात पोलादी तार आखडते आणि सूर चढतो. दहा-अकराच्या उन्हात तीच तार तापून सैल होते आणि सूर उतरतो. त्यामुळे घरी लावलेली गिटार खोपीपाशी पोचल्यावर पुन्हा लावायची, आणि जेवणं झाल्यावर आणखी एकदा. आरोळ्यांच्या गोंगाटात कानानं जुळवणं अवघड जातं. मुंडीला चिमट्यासारखा बसणारा ट्यूनर आवाजावर नाही, लाकडाच्या कंपनावर चालतो. तो जवळ असावा. कोरड्या वाऱ्यानं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचू लागतात. त्यावर घरगुती उपाय म्हणजे भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवणं. हात शेकोटीवर शेकावेत, गिटार शेकू नये. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीतही तिला टाकू नये. तिथल्या उष्णतेनं सरस मऊ पडतो आणि ब्रिज उचलतो.

ज्यांच्या घरात ओव्या म्हणणारं कुणी उरलेलं नाही, त्यांनाही ऐकायची सोय आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक मूळ आवाजात ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. एकाच ओळीवर दोन बायका किती वेगळा दम घेतात हे तिथं लक्षात येतं. स्वरलिपीत ते उतरत नाही.

शिकायचा क्रम मी पोरांना असा देतो. आधी ओव्या तोंडपाठ करा, मग त्या म्हणताना नुसता अंगठा चालवा, आणि शेपूट वाजवायला घ्यायचं ते सगळ्यात शेवटी. सुरुवातीला त्यांना हे अपमानास्पद वाटतं. फेसबुकवर टाकण्यासारखं यात काही नसतं. पण कॉर्ड बदलायचं काम हातातून गेलं की कान मोकळा होतो आणि पोरं शब्द ऐकू लागतात. परवा त्यांतल्या एकानं विचारलं, ‘‘सर, कुंती बांधावर का बसलीय?’’ याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हटलं, या येळवशीला आत्याकडं चल आणि तूच विचार. गिटार घे, पण आधी शेंगा सोलाव्या लागतील.