‘मोठा झाला की होईल सरळ’

बाळ जरा तिरळं बघतंय, पण ते भाग्याचं लक्षण. मोठं झालं की होईल सरळ. मुलुंड-घाटकोपरच्या घरांतून हा दिलासा अजूनही दिला जातो. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून भरकटतात, त्यात वावगं काही नाही. नाकाचं मूळ रुंद असलं की सरळ डोळेही तिरळे भासतात. चार महिन्यांनंतरही डोळा खरोखर वळत असेल, तर भाग्य सोडा, दवाखाना गाठा.

कारण प्रश्न रूपाचा नाही, मेंदूचा आहे. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण सहा सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन्ही डोळ्यांतली चित्रं किंचित वेगळी पडतात. या फरकावरून मेंदू खोली ओळखतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप बनवून दाखवलं. डोळे दोन दिशांना गेले की मोठ्यांना दोन-दोन दिसतं (हे अचानक झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं). लहान मुलाचा मेंदू मात्र वळलेल्या डोळ्याचं चित्र दाबूनच टाकतो. म्हणून मूल तक्रार करत नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ताही घडाघडा वाचतं, आणि तो डोळा मंदावत जातो. तपासणी एकेक डोळा झाकूनच हवी.

एका डोळ्याने अंतर कळतच नाही, हेही चूक. बोरिवलीहून अंधेरीकडे जाताना लोकलच्या खिडकीत एक डोळा झाकून बघा: रुळांलगतचे खांब झरझर मागे पळतात, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर जागचे हलत नाहीत. मेंदूला एवढंही पुरतं. क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची नजर १९६१ च्या मोटार अपघातात गेली. पुढच्याच वर्षी ते भारताचे कर्णधार झाले. दोन डोळ्यांची जोडी खरी लागते ती हाताजवळच्या कामांना. सुईत दोरा ओवताना, पेल्यात पाणी ओतताना.

ऑपरेशनची भीती तर अफाट: म्हणे डोळा काढून बाहेर ठेवतात! डोळा जागच्या जागी राहतो; त्याला फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी लागतील तेवढे सैल किंवा घट्ट करतात. आणि प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. प्लस नंबरच्या मुलाचा आत वळणारा डोळा पुष्कळदा नुसत्या चष्म्याने सरळ होतो. पट्टी लावायची ती चांगल्या डोळ्यावर, मंद डोळ्याला कामाला लावण्यासाठी. ऑपरेशनने डोळा सरळ झाला तरी ही पट्टी आणि चष्मा डॉक्टर सांगतील तोवर चालूच ठेवावे लागतात.