विश्लेषण : परदेशी विद्यार्थी कर्जत-खोपोलीत राहायला आला, तर आधी काय करायचे?

मुंबई-पुण्याच्या मधोमध असलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत महाविद्यालये वाढली, खासगी विद्यापीठ आले, बंगले आणि होमस्टेही उभे राहिले. देवाणघेवाण कार्यक्रमात एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी आलेला परदेशी विद्यार्थी इथे खोली शोधतो, तेव्हा नियम त्याच्यासाठी जसे असतात तसेच खोली देणाऱ्यासाठीही असतात. ते ठाऊक नसल्याने दोघेही अडचणीत येऊ शकतात.

पत्ता लिहिताना कोणती चूक टाळायची?

महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. ऑनलाइन अर्जात जिल्हा चुकला, तर अर्ज भलत्याच कार्यालयाकडे जाऊ शकतो. म्हणून 'तालुका कर्जत, जिल्हा रायगड, पिन ४१०२०१' असे पूर्ण लिहावे. खोपोली शहराचा पिन ४१०२०३ असून ते खालापूर तालुक्यात येते. व्हिसा, भाडेकरार आणि महाविद्यालयाचे पत्र या तिन्हींवर नाव व पत्ता सारखाच असावा.

पोलिसांकडे नोंदणी कोणाला आवश्यक?

विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. हे १४ दिवस विमानतळावर उतरल्यापासून मोजतात, वर्ग सुरू झाल्यापासून नाही. अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. पासपोर्ट, व्हिसा, छायाचित्र, राहण्याचा पुरावा आणि महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे लागतात. रायगडसाठी नोंदणी अधिकारी म्हणजे अलिबागचे जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय. कर्जतहून अलिबाग लांब असल्याने कागदपत्रे पहिल्याच वेळी नीट जोडणे सोयीचे. काही देशांच्या नागरिकांसाठी नियम वेगळे व अधिक कडक आहेत. पाकिस्तानी नागरिकांना २४ तासांत नोंदणी करावी लागते.

एकाच सत्रासाठी १८० दिवसांच्या आतील व्हिसावर आलेल्यांना ही नोंदणी सहसा लागत नाही. मात्र घरमालकाने द्यायची माहिती त्यांच्याबाबतही द्यावीच लागते.

घरमालकाची जबाबदारी काय?

परदेशी व्यक्ती राहायला आल्यावर २४ तासांत तिची माहिती ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. 'सी फॉर्म' या नावाने हा प्रकार ओळखला जातो. हॉटेल, वसतिगृह, होमस्टे, फार्महाउस आणि घरातली भाड्याची खोली, सगळ्यांनाच तो लागू आहे. पासपोर्ट व व्हिसाचा तपशील, छायाचित्र आणि येण्या-जाण्याच्या तारखा त्यात भराव्या लागतात. त्यासाठी घरमालकाचे त्या संकेतस्थळावर खाते असावे लागते आणि ते मंजूर व्हायला वेळ लागू शकतो. त्यामुळे पाहुणा येण्याआधीच खाते उघडून ठेवावे.

१ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्याने रद्द केले. राहण्याची जागा देणाऱ्यांप्रमाणेच शिक्षणसंस्थांनीही परदेशी विद्यार्थ्यांची माहिती देणे या कायद्यात बंधनकारक आहे. व्हिसाची मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. 'चार दिवस जास्त राहिलो तर काय बिघडले' असे म्हणण्याची ही गोष्ट नाही.

भाडेकराराचे काय?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक लागतो. नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थ्याकडे तो नसतो, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जावे लागते. तोंडी करारावर खोली दिली, तर विद्यार्थ्याकडे राहण्याचा पुरावाच राहत नाही आणि पुढची नोंदणी तिथेच अडकते.

पैसे आणि फोनची सोय कशी?

वडापावच्या गाडीपासून रिक्षापर्यंत इथे क्यूआर कोडवर पैसे घेतले जातात, पण परदेशी कार्ड तिथे चालत नाही. परदेशी प्रवाशांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' हे प्रीपेड वॉलेट आहे. पासपोर्ट व व्हिसा दाखवून ते घेता येते, भारतीय बँक खाते लागत नाही. सिमकार्डासाठीही हीच कागदपत्रे लागतात. पहिले काही दिवस हाताशी रोख रक्कम असलेली बरी.

विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. सुट्टीत रिसॉर्टवर काम करून खर्च भागवण्याचा विचार व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो. 'थोडे दिवस मदतीला ये' म्हणणाऱ्या मालकालाही हे ठाऊक असायला हवे.

लोकलमध्ये चूक कुठे होते?

मुंबई सीएसएमटीपासून कर्जत साधारण १०० किलोमीटर. कल्याणनंतर मार्ग फुटतो : एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. फलकावर 'एन' म्हणजे कसारा, 'एस' म्हणजे कर्जत आणि 'केपी' म्हणजे खोपोली. ही तीन अक्षरे पहिल्याच दिवशी समजावून द्यावीत. नाहीतर रात्री कसाऱ्याला उतरलेल्या विद्यार्थ्याला कल्याणला परत यावे लागते. कर्जतपुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली अशी स्थानके आहेत. या मार्गावर गाड्या कमी असल्याने एक चुकली की बराच वेळ थांबावे लागते. रविवारी मेगाब्लॉक असतो, तोही आधी पाहावा.

पावसाळ्यात काय सांगावे?

बरेच विद्यार्थी जुलैमध्ये येतात, म्हणजे ऐन पावसात. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि समाजमाध्यमावर पाहिलेला धबधबा खुणावतो. उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्यांचे पाणी डोंगरातल्या पावसाने अचानक वाढते. धबधबे व धरणांवर दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. ते मराठीत असल्याने नवख्याला कळत नाहीत. कोणीतरी समजावून सांगावेच लागतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, हे इथल्या कोणालाही विसरता आलेले नाही. आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे फोनमध्ये साठवून द्यावेत.

शेजाऱ्यांनी काय करावे?

खाण्याच्या अटी, पाण्याची वेळ, रात्री किती वाजता दार बंद होते, हे खोली देण्याआधी स्पष्ट सांगावे. नंतर टोमणे मारण्यापेक्षा ते बरे. मराठी शब्द सावकाश आणि पुन्हा बोलावेत, भाजीवाल्याकडे एकदा सोबत जावे.

याच लोहमार्गावरच्या कल्याणमध्ये १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेल्या. तिथे न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडोशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. तेव्हा पाहुणी आपली होती आणि घर त्यांचे. आज कर्जत-खोपोलीत घर आपले आहे. वेळेवर भरलेला फॉर्म आणि पहिल्या संध्याकाळी विचारलेले 'जेवलास का?', दोन्ही त्याच आतिथ्याचे भाग आहेत.