क्ष-किरण मात्रामापनातील प्रतिरूपे

क्ष-किरण तपासणीत रुग्णाच्या शरीरात किती प्रारण-ऊर्जा शोषली जाते, याचा अंदाज घेण्यासाठी मानवी शरीराच्या जागी वापरण्यात येणाऱ्या रचनेस प्रतिरूप किंवा फँटम म्हणतात. एक किलोग्रॅम पदार्थात एक जूल ऊर्जा शोषली गेल्यास शोषित मात्रा १ ग्रे होते.

क्ष-किरण विभागातील कर्मचारी मात्रामापक बिल्ला लावतो व त्याच्या मात्रेस कायद्याने मर्यादा असते. रुग्णास बिल्ला नसतो आणि तशी मर्यादाही नसते, कारण तपासणीचा लाभ त्यालाच होतो. अस्थिमज्जा, अवटू ग्रंथी किंवा जनन ग्रंथी यांमध्ये मापक बसविणेही शक्य नसते. त्यामुळे या अवयवांतील मात्रा प्रतिरूपाच्या साहाय्याने अप्रत्यक्षपणेच काढावी लागते.

प्रतिरूपाचा पदार्थ क्ष-किरणांचे शोषण व प्रकीर्णन शरीरातील ऊतकांप्रमाणे करणारा असावा लागतो. मऊ ऊतकांसाठी पाणी व ॲक्रिलिक प्लॅस्टिक सोयीचे ठरतात. हाडे व फुप्फुसे यांसाठी वेगळे पदार्थ घेतात. प्रतिरूपांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार साध्या भौमितिक आकाराचा असून संगणकीय छेददर्शनासाठी १६ सेंमी. व्यासाचा दंडगोल डोक्याऐवजी आणि ३२ सेंमी. व्यासाचा धडाऐवजी वापरतात. दुसरा मानवाकृती असून तो आडव्या चकत्यांचा बनविलेला असतो. चकत्यांतील छिद्रांत मापक ठेवतात. तिसरा प्रकार गणितीय आहे. त्यात क्ष-किरणांचा शरीरातील प्रवास माँटे कार्लो पद्धतीने संगणकावर मांडतात. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रमाण पुरुष १७६ सेंमी. उंच व ७३ किग्रॅ. वजनाचा, तर स्त्री १६३ सेंमी. व ६० किग्रॅ. आहे.

छिद्रांत ठेवलेले स्फटिक प्रारणाची ऊर्जा साठवितात व तापविल्यावर प्रकाश देतात. त्या प्रकाशावरून मात्रा कळते. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटाच्या चकत्या विकसित केल्या असून १९७५ पासून कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यांत त्या वापरात आहेत. हा पदार्थ अत्यंत संवेदनशील आहे. तथापि त्याचा परिणामी अणुक्रमांक ऊतकापेक्षा बराच जास्त असल्याने निदानीय क्ष-किरणांच्या ऊर्जेला तो प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतो व वाचनात दुरुस्ती करावी लागते. लिथियम फ्ल्युओराइड ऊतकाच्या अधिक जवळचे आहे.

अशा मापनांतून त्वचेवरील मात्रा व अवयवांतील मात्रा यांचे गुणोत्तर मिळते. पुढे रुग्णालयात केवळ नलिकेचे प्रारण-उत्पादन, अंतर व प्रकाशन-मूल्ये माहीत असली, तरी अवयवमात्रेचा अंदाज करता येतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने १९९६ मध्ये त्वचेवरील मात्रेची मार्गदर्शक मूल्ये दिली. प्रौढाच्या छातीच्या मागून पुढे घेतलेल्या चित्रासाठी ती ०·४ मिलिग्रे, तर कमरेच्या मणक्यांच्या बाजूच्या चित्रासाठी ३० मिलिग्रे आहे. यापेक्षा सातत्याने जास्त मात्रा आढळल्यास यंत्र व पद्धत तपासावी, असा त्यांचा हेतू आहे. भारतात क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षिततेवर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.

प्रतिरूपावरून मिळणारे उत्तर प्रमाण शरीराचे असते, विशिष्ट रुग्णाचे नसते. मऊ ऊतकात दर तीन-चार सेंमी. खोलीला शलाकेची तीव्रता सु. निम्मी होते. म्हणून यंत्राची मांडणी न बदलता कृश व्यक्तीचे चित्र घेतल्यास तिच्या खोलवरील अवयवांना प्रतिरूपावरून काढलेल्या अंदाजापेक्षा जास्त मात्रा मिळते. बालकांचे अवयव परस्परांच्या जवळ व प्रारणास अधिक संवेदनशील असल्याने त्यांच्यासाठी वयानुसार वेगळी प्रतिरूपे आवश्यक ठरतात.