बाळंतिणींचा वहीगट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाचवीच्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. बाळाचं नशीब ती लिहून जाते, अशी श्रद्धा. बाळाच्या आईनंही काही लिहावं, हे मात्र घरात कुणाला सुचत नाही. गरोदर बायका आणि ओल्या बाळंतिणींनी एकत्र बसून वही लिहायची, रंगवायची म्हटलं, की पुढच्या शंका हमखास निघतात.

गैरसमज १ : बाळंतिणीनं लिहिलं-वाचलं तर डोळे जातात.
वस्तुस्थिती : लिहिण्यानं डोळे अधू होत नाहीत. जागरणानं डोळे चुरचुरत असतील तर वही मिटून झोपावं, एवढंच. मात्र गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत डोकं सारखं ठणकत असेल, अंधुक दिसत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर ते वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. दोष वहीला देत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा.

गैरसमज २ : हे शिकलेल्या, चित्रं काढता येणाऱ्या बायकांचं काम.
वस्तुस्थिती : शंभर पानी वही, डिंक, जुन्या लग्नपत्रिका आणि कापडाचे तुकडे पुरतात. सोनोग्राफीचा कागद काही वर्षांत फिका पडतो, म्हणून त्याची झेरॉक्स चिकटवावी. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात अशा लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. जिला अक्षर येत नाही तिनं सांगावं, शेजारणीनं उतरवून घ्यावं.

गैरसमज ३ : पोटुशीनं भीती कागदावर उतरवली तर बाळाला बाधते.
वस्तुस्थिती : लिहिल्यानं बाळाला काही होत नाही. उलट 'आनंदी राहा' या आग्रहापायी भीती बोलायचीच राहून जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातल्या जखमांविषयी लिहिलं. लिहून होताच ते जास्त खिन्न दिसले. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. हा प्रयोग गरोदर बायकांवरचा नव्हता, पण एक सावधगिरी शिकवतो: लिहिल्या लिहिल्या मन जड होऊ शकतं. म्हणून सुरुवातीचे विषय हलके ठेवावेत. 'मला लागलेले डोहाळे', 'या कानानं ऐकून त्या कानानं सोडलेले सल्ले'. आणि शेवटची दहा मिनिटं चहा-गप्पांना.

गैरसमज ४ : लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवावं लागतं.
वस्तुस्थिती : वही जिची तिची. पहिल्याच बैठकीत नियम सांगावेत: इथलं बोलणं इथंच, पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत, मागितल्याशिवाय सल्ला नाही. सिझर की नॉर्मल, मुलगा की मुलगी, अंगावरचं दूध की वरचं, यांवरून तुलनाही नाही.

गैरसमज ५ : वही लिहिली की बाळंतपणातली उदासी जाते.
वस्तुस्थिती : तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू कोसळणं सर्रास घडतं आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे २० टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठतं. त्यावर उपचार आहेत, आणि ते डॉक्टरांकडेच. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. जीव द्यावासा किंवा बाळाला इजा करावीशी वाटते, असं कुणी लिहिलं वा बोललं, तर 'इथलं इथंच' हा नियम मोडायचा: तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं.

सुरुवातीला सहा-आठ जणी, आठवड्यातून एक तास, पाठ टेकता येईल अशी जागा आणि बाळ रडलं की मध्येच उठायची मुभा एवढं पुरे. जिला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत, तिला विषय फोनवर कळवावा. ती घरूनच लिहील.