कामगाराची सहल : रजेपासून शिवसागरापर्यंत

कामगाराला सहल हवी कशाला, असे विचारणारे सद्गृहस्थ आम्हांस पुष्कळ भेटले. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरलेल्या माणसास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. ती गेली कोठे? लग्नकार्यात नि दवाखान्यात. म्हणून सहलीची आखणी रजेच्या अर्जापासून करावी. गाडीची चौकशी मागाहून.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे उदाहरण घेऊ. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तेथून लाँचने सुमारे दीड तासात वासोट्याचा पायथा. हे कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वनखात्याची परवानगी लागते, किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही, पावसाळ्यात वाट बंद. तेव्हा सगळा हिशेब घड्याळाचा. लाँचचे जाणे-येणे तीन तास, चढ-उतार चार-पाच तास, आणि अंधाराच्या आत परत. म्हणजे आदल्या रात्री बामणोलीस पोचलेच पाहिजे. रात्रपाळी करून आलेल्यास चढावर नेऊ नये. आम्ही एकदा नेला, आणि अर्ध्या वाटेवरून हाताला धरून उतरवला. चूक आमचीच. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी काठावर बसावे. त्यात कमीपणा नाही. पोहता येवो न येवो, लाँचमध्ये तरंगते जाकीट मागून घ्यावे. कारखान्यात हातमोज्यांसाठी भांडणारे आपण, येथे का लाजावे?

एका खेपेस आमचा एक माथाडी सोबती लाँचमध्ये चढेना. म्हणाला, "आज्याच्या शेतावरून भाडं भरून जायचं व्हय?" आम्ही गप्प झालो. 1960 नंतरच्या दशकात कोयनेचे पाणी चढले, या खोऱ्यातली गावे बुडाली. त्या पाण्याची वीज मुंबईकडे गेली आणि खोऱ्यातली पोरेही मुंबईसच ओझी उचलायला गेली. शेवटी तो चढला. लाँच मध्यावर आल्यावर त्याने हात करून वाडी कोणत्या अंगाला होती ते दाखवले. लाँचवाल्याने न सांगता इंजिन मंद केले. त्याचीही वाडी तिकडचीच.

तेव्हापासून आमच्या आखणीत एक कलम वाढले. जेवण, मुक्काम, वाटाड्या सारे बामणोलीच्या माणसांकडूनच घ्यायचे, पैसे आगाऊ द्यायचे, आणि भाव पाडायला बसायचे नाही.