शाळेचे हस्तलिखित

दिवाळीच्या सुट्टीनंतर किंवा स्नेहसंमेलनाच्या सुमारास पुष्कळ शाळांतून हस्तलिखिताचा अंक निघतो. त्याची प्रत एकच असते. मुखपृष्ठ चित्रकलेत गती असलेल्या विद्यार्थ्याने रंगविलेले असते आणि आतील मजकूर वळणदार अक्षराच्या मुलामुलींनी उतरवून काढलेला असतो. अंक वर्गावर्गांतून फिरतो व काही दिवसांनी ग्रंथालयात परत येतो. तेव्हा एक मौजेची गोष्ट दृष्टीस पडते. काही पाने कोरी करकरीत राहिलेली असतात, तर काहींचे कोपरे दुमडून मळून गेलेले असतात. वाचकांनी दिलेला कौल तो हाच!

कोणत्या लेखांची पाने अशी मळतात? समजा, दोन मुलांनी पावसाळ्यावर लिहिले आहे. पहिल्याच्या लेखात सृष्टीने हिरवा शालू परिधान केला आहे, मोर नाचत आहेत आणि गावच्या तळ्यात कमळे डोलत आहेत. भाषा निर्दोष आहे. परंतु गावच्या तळ्यात कमळे नाहीत, हे साऱ्या वर्गाला ठाऊक असते. दुसरा मुलगा एका रात्रीची हकीकत सांगतो. घराची शाकारणी त्या वर्षी राहून गेली होती. कौलांतून तीन ठिकाणी गळू लागले. आईने एका धारेखाली पितळेचा तांब्या, दुसरीखाली पातेले आणि तिसरीखाली घमेले ठेवले. तिन्हींचे आवाज निराळे होते आणि भांडी भरत आली तसे ते बदलत गेले. वडिलांनी ज्वारीचे पोते ओढून कोरड्या कोपऱ्यात नेले. गणिताची वही मात्र भिजली.

या लेखात एकही अलंकार नाही. तरी तो वाचताना घमेल्यातील टपटप कानी येते. लेखकाने जे स्वतः पाहिले व ऐकले तेच सांगितले आहे. शिवाय असे लिहिण्यास थोडे धैर्यही लागते. आपले घर गळते हे शेजारच्या बाकावरील मुलांना कळू देणे सोपे नसते. तळ्यातील कमळे त्या मानाने फार सोपी!

वर्गबंधूंसाठी लिहिणे हे एका परीने अनोळखी वाचकासाठी लिहिण्याहून कठीण आहे, कारण येथे वाचक लेखकाला रोज पाहत असतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत असत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. छात्रालयातील त्या दैनिकाचे वाचक रोज त्यांच्या सहवासात राहणारे होते. अशा वाचकांपुढे पोकळ शब्द फार काळ टिकत नाहीत.

अक्षर सुवाच्य असावे, शुद्धलेखन बिनचूक असावे, हे तर खरेच. संपादक मंडळाचे मोठे काम मात्र दुसरेच असते. ‘पावसाळा हा सर्वांचा आवडता ऋतू आहे’ अशा वाक्यांनी सुरू होणारा पहिला परिच्छेद बहुधा खोडण्याजोगा असतो. लेख खरा सुरू होतो तो दुसऱ्या परिच्छेदापासून. उलट, वऱ्हाडातील मुलाने ‘वावर’ लिहिले असता त्याचे ‘शेत’ करू नये, किंवा कोकणातील मुलीचे ‘खळे’ पुसून तेथे ‘अंगण’ घालू नये. त्या शब्दांबरोबर त्यांचे घर लेखात आलेले असते.

अंकाच्या शेवटी अभिप्रायांसाठी दोन-तीन कोरी पाने ठेवण्याचा प्रघात आहे. ‘लेख छान आहे’, ‘अक्षर सुंदर आहे’ अशा वाक्यांनी ती लवकरच भरतात. लेखकाला त्यांतून आनंद होतो, पण कळत काहीच नाही. पावसाच्या त्या लेखाखाली मात्र एखादी मुलगी पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहून जाते : ‘आमच्याकडे चार भांडी लागतात.’