नर्सिंगला घालताय? आधी कागद तपासा

बारावीचा निकाल लागला की मालवण, आचरा, मसुरे भागातल्या बौद्धवाड्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘चेडवाक नर्सिंगाक घालूया काय?’ आम्ही म्हणतो, जरूर घाला. आजाऱ्याची घाण काढण्याचे काम म्हणून लोक ज्याला नाक मुरडत, तेच काम सावित्रीमाईंनी प्लेगच्या साथीत केले. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगनेच गेल्या. या कामात कमीपणा नाही. फसगत मात्र होऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा प्रवेशाच्या दिवशीच होते.

सहा महिन्यांत, वर्षात ‘नर्स’ करून देतो म्हणणारे वर्ग गावोगाव आहेत. पांढरा ड्रेस मिळतो, प्रमाणपत्र मिळते, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही तर सरकारी जागेचा अर्जही भरता येत नाही. मग लहान दवाखान्यात मदतनीस म्हणून राबायचे, मालक देईल तो पगार घ्यायचा. घरचा दागिना गहाण टाकून अशा वर्गाची फी भरलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

खरे रस्ते मुख्यतः तीन. एएनएम दोन वर्षांचा. तो केल्यावर उपकेंद्रात आरोग्यसेविका होता येते. जीएनएम तीन वर्षांचा. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची, तिला बारावी विज्ञान, जीवशास्त्र आणि सीईटी लागते. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या मुलीला सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची वाट खुली होते. प्रवेशाआधी कॉलेजचे नाव नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

पैशांचेही पाहू. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच तयार ठेवा. रक्कम उशिरा हातात येते, तोवरच्या खर्चाची सोय लागते.

आता नोकरी. सरकारी अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. पण कायम जागा थोड्या आणि कंत्राटी भरती जास्त. खासगी एजन्सीमार्फत भरती नको म्हणून मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. आपल्याकडचे आजारी बांबोळीला जातात, तशा नोकरीसाठी मुलीही गोव्याकडे बघतात. तिथल्या सरकारी जागेला गोव्याचा रहिवासी दाखला लागतो, म्हणून आपल्या मुलींच्या वाट्याला बहुधा खासगी रुग्णालयेच येतात.

खासगीत किती पगार मागावा? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितले आहे की, ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० च्या खाली पगार नसावा. २०० च्या वर खाटा असतील तर तो सरकारी परिचारिकेएवढा असावा. ही शिफारस आहे, सगळीकडे पाळली जात नाही. पण आकडा ठाऊक असला की बोलणी करता येतात. नेमणूकपत्र लेखी घ्या. पाळी किती तासांची, रात्रपाळ्या किती, एका परिचारिकेकडे किती रुग्ण, हे सगळे विचारा. साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड आहे. प्रत्यक्षात तिच्याकडे कितीतरी जास्त रुग्ण असतात, आणि त्याची किंमत तिची कंबर आणि झोप मोजते.

मुंबई विधिमंडळात १९२८ साली बाबासाहेब प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते. आज पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे, आणि दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी रुग्णालयालाही तो कायदा लागू आहे. ती रजा कोणी मेहरबानी म्हणून देत नाही.

शेवटी जिवाची काळजी. कामाला लागण्याआधी हिपॅटायटिस ‘बी’ लसीचे तिन्ही डोस घ्यावेत. वापरलेली सुई टोचली तर जागा दाबून रक्त काढू नये. साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच वरिष्ठांना सांगून नोंद करावी. एचआयव्हीपासून बचावाचे औषध जितके लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू होईल तितके बरे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून मुली गप्प राहतात. तसे राहू नका.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की मुलींना आणि पालकांना एकत्र बसवा. वाडीत कोणी परिचारिका असेल तर तिला बोलवा आणि प्रवेशाचे कागद तिच्यापुढे ठेवा. फी त्यानंतरच भरा.